घटाला आणलेली माती

घटाला माती लागते ती आपल्या वावरातली. विकतची न्हाई, शेजाऱ्याची न्हाई, कुंडीतली तर न्हाईच न्हाई. वनमालाबाईंनी हे पितृपंधरवड्यापासून इतक्यांदा सांगितलं होतं, की बद्रीनाथरावांना ते झोपेतसुद्धा म्हणून दाखवता आलं असतं. फक्त जाऊन माती आणायची तेवढी राहिली होती.

आता वावर काही मंगळावर नव्हतं. शिरूरपासून मोटारसायकलवर तासाभराचा रस्ता, तिथं धाकटा भाऊ बिभीषण, आणि बिभीषणाच्या ताब्यात दोघा भावांची काळी जमीन. जायचं, बांधावर बसून पिशवीभर माती घ्यायची, भावजयीच्या हातचा चहा प्यायचा आणि माघारी यायचं. पण बद्रीनाथरावांचा जन्म कारकुनीत गेलेला. काम आजच केलं तर उद्या करायचं काय, ही काळजी त्यांच्या अंगात मुरलेली होती. असं करता करता उद्या घट बसणार, हा दिवस उजाडला. तो रविवार होता, आणि रविवारी सकाळी टेकडीवर श्रमदान असायचं.

ही टेकडी शिरूरच्या बाहेर, बंद पडलेल्या खडीकेंद्राच्या मागं. पूर्वी बोडकी होती, तिच्यावर धड सावलीला काही नव्हतं. मग मुक्ताबाईंनी मनावर घेतलं. मुक्ताबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका (शाळा सुटली, पण आवाज वर्गातलाच राहिला). त्यांनी गावातली पंधरा-वीस माणसं गोळा केली आणि तिथं देशी झाडांचं संग्रहालय उभं केलं. एकेका जातीची दोन-तीन झाडं, पुढं पाटी. मेडशिंगी, बिब्बा, टेंभुर्णी, पांगारा. कुणाला पगार नाही, कुणी साहेब नाही. पाऊस सरला की कामाला ऊत यायचा. कमरेइतकं गवत वाळायच्या आत कापायचं, न्हाईतर कुणाच्या एका बिडीनं अख्खी टेकडी पेटायची. झाडांची आळी नीट करायची, बुडाशी पालापाचोळा दाबायचा, रोपांच्या पिशव्या सावलीला मांडायच्या.

यातलं बद्रीनाथराव काहीच करत नसत. ते यायचे मात्र न चुकता. स्वच्छ टोपी, हातात नवंकोरं खुरपं, त्याला अजून दुकानाची चिठ्ठी. लोक गवत कापायचे तेव्हा हे कडेला उभं राहून "मुळापासनं घ्या, मुळापासनं" असं सांगायचे. मग घाम पुसणाऱ्या लोकांचे फोटो काढायचे आणि ग्रुपवर टाकायचे: 'आज आपण भरपूर काम केले.' त्या 'आपण'वरनं परमेश्वर नावाचा एक तापट गडी दर रविवारी चिडायचा. परमेश्वरचं टेम्पोचं काम, हात लोखंडासारखे. पण वयाचा मान म्हणून तो तोंडातल्या तोंडात चिडायचा.

त्या रविवारी अकरा वाजता सगळे पांगले. बद्रीनाथराव वावराकडं निघायला म्हणून वळले, आणि वर बघितलं तर ऊन! आश्विनाच्या तोंडावरचं ते ऊन म्हणजे डोक्यावर तवा ठेवल्यासारखं. जरा टेकावं म्हणून ते रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखाली गेले. तिथं गारवा होता. आणि तिथं, अगदी कोपऱ्यात, एक काळा टब होता. टबात माती होती.

काय माती होती म्हणून सांगू! चाळलेली, काळीभोर, ओलसर, एक खडा नाही. बद्रीनाथरावांनी बोट घालून बघितलं. मग त्यांनी रस्त्याकडं बघितलं. मग पुन्हा मातीकडं. देवीला काय, माती ती माती. सगळी पृथ्वी तिचीच. (माणसाला आळसाच्या वेळी अध्यात्म कसं पटापट सुचतं, हे बघण्यासारखं असतं.)

त्यांनी टब उचलून पिशवीत पालथा केला. कमी पडू नये म्हणून शेजारच्या पोत्यातलं दोन ओंजळी लेंडीखतही टाकलं. घाईत ते थोडं इकडंतिकडं सांडलं. टब तसाच आडवा टाकून, पिशवी खांद्यावर मारून ते टेकडी उतरले. पण लगेच घरी गेलं तर बायको विचारणार, एवढ्यात कसे आलात? म्हणून एका हॉटेलात बसून त्यांनी दोन प्लेट भजी खाल्ली आणि जाऊन यायला लागतो तेवढा वेळ काढला.

"आणली का माती?" वनमालाबाईंनी दारातच विचारलं.

"आणली की. बांधावरची."

"बिभीषण भाऊजी भेटले?"

"भेटले."

"आन् जाऊबाई?"

"त्या पण भेटल्या. चहा केला."

"आन् तीळ? मूठभर तीळ दिले आसतील ना? औंदा तीळ लई चांगला झालाय म्हणत होत्या फोनवर."

बद्रीनाथरावांनी टोपी काढून झटकली. तिळाचा विचार त्यांनी केला नव्हता.

"काहीच दिलं न्हाई? तुमी एवढ्या उन्हाचं गेलता, आन् रिकाम्या हातानं लावून दिलं? थांबा, फोनच करते."

"नको नको! त्यांचा फोन बिघडलाय," बद्रीनाथराव म्हणाले.

अशी एका पिशवी मातीपायी एक गरीब भावजय बसल्या जागी कंजूष ठरली. बद्रीनाथरावांना जरा वाईट वाटलं. पण माती बघून वनमालाबाईंचा चेहरा असा फुलला, की त्यांनी ते वाईट वाटणं भज्यांबरोबर पचवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घट बसला. पत्रावळीवर माती पसरली, त्यात गहू-ज्वारी पेरली, मधे पाण्याचा घट, वर विड्याची पानं आणि नारळ, शेजारी अखंड दिवा. आणि एकदा घट बसला की बसला. दसऱ्यापर्यंत त्याला हलवायचं नाही, माती उकरायची नाही, दिवा विझू द्यायचा नाही. वनमालाबाईंचे नऊ दिवस उपास, आणि मुक्काम घटासमोर.

आरती झाली, आणि तेवढ्यात बद्रीनाथरावांच्या मोबाईलवर ग्रुपचा मेसेज आला. मुक्ताबाईंचा. एरवी त्या 'नमस्कार' लिहून सुरुवात करायच्या. आज नमस्कार नव्हता.

'रोपवाटिकेतल्या काळ्या टबातली माती कुणी नेली? त्यात गोरखचिंचेचं बी होतं. सगळं बी त्यातच होतं.'

बद्रीनाथरावांच्या हातातलं प्रसादाचं केळं हातातच राहिलं.

गोरखचिंचेची गोष्ट सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. शिरूरच्या पलीकडं एका मळ्यात ते एकच झाड होतं. हत्तीसारखं खोड, चार माणसांच्या कवेत न मावणारं, किती जुनं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. लोक त्याला नवस बोलायचे. मृगाच्या वादळात ते झाड पडलं. मुक्ताबाई त्या दिवशी पडलेल्या झाडाजवळ बसून लहान पोरीसारख्या रडल्या होत्या. मग त्याची राहिलेली फळं फोडून त्यांनी बी काढलं. ते बी दगडासारखं टणक. ते घासलं, गरम पाण्यात भिजवलं, मातीत घातलं आणि मागच्या रविवारच्या बैठकीत सगळ्यांना सांगितलं, त्या टबाला हात लावू नका, पाटी मुद्दाम लावलेली नाही, न्हाईतर लोक उकरून बघतात. त्या बैठकीला बद्रीनाथराव हजर होते. म्हणजे देह हजर होता. चित्त ग्रुप फोटोच्या तयारीत होतं.

"काय झालं हो?" वनमालाबाईंनी विचारलं. "तोंड काऊन उतरलंय?"

"उपास," बद्रीनाथराव म्हणाले.

"तुमी कुठं उपास धरलाय?"

"आता धरतो."

त्यांना खरोखर लाज वाटत होती. मनात आलं, आत्ता फोन करावा, म्हणावं, बाई, चूक झाली, बी माझ्या घरात आहे. त्यांनी फोन लावलाही. पण बी परत द्यायचं म्हणजे घट उपसायचा. घट उपसायचा म्हणजे वनमालाबाईंना सांगायचं, की ही माती आपल्या वावरातली नाही. तोवर पलीकडून मुक्ताबाईंचा आवाज आला.

"बरं झालं तुम्हीच फोन केलात. काल टब बघितल्यापासून मला झोप नाही हो. त्या एका झाडाचं काहीच उरलं नाही आता. तुम्ही दर रविवारी सगळ्यांवर लक्ष ठेवून असता. चौकशी तुम्हीच करा."

"मी?" बद्रीनाथराव म्हणाले.

"तुम्हीच. तुमच्या हातून कुणावर अन्याय व्हायचा नाही."

आणि बद्रीनाथराव (नुसतं 'बाई, ऐका' एवढं म्हणायचं होतं) म्हणाले, "बरं."

चोरानं स्वतःलाच शोधायचं, हे काम वरवर सोपं वाटतं. पण त्यांना शोधायचं कामच पडलं नाही. ते टेकडीवर पोचायच्या आत परमेश्वरनं चोर धरून ठेवला होता. टब आडवा पडलेला. आजूबाजूला लेंड्या सांडलेल्या. याचा अर्थ दोन आणि दोन चार. मेंढरं आत शिरली, टब पालथा केला, पायानं माती उधळली. आणि मेंढरं कुणाची? नाथाची.

नाथा धनगर टेकडीच्या पायथ्याला मेंढरं घेऊन असायचा. मोठा पटका, मोठ्या मिशा आणि त्याहून मोठा आवाज. त्याची आणि टेकडीवरच्या मंडळींची बोली अशी, की मेंढरांनी टेकडीच्या हौदावर पाणी प्यायचं, आणि नाथानं मेंढरं रोपांपासून लांब ठेवून वर्षाला लेंडीखत द्यायचं. आजवर एका पानालाही त्याच्या मेंढराचं तोंड लागलं नव्हतं, आणि हे तो भेटेल त्याला ओरडून सांगायचा.

बैठक रोपवाटिकेतच भरली. "माझी मेंढरं?" नाथा गरजला. "आरं, माझी मेंढरं तुमच्या पोरांपरीस शिस्तीची हायेत! म्या हौदावरच बसलतो काल! म्या काय बगितलं ते—"

"नाथा, बास," मुक्ताबाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "ते तुझं मला सकाळीच सांगून झालंय. आणखी खोटं वाढवू नकोस."

नाथा पहिल्यांदाच गप्प बसला. त्यानं एकदा बद्रीनाथरावांकडं बघितलं. बद्रीनाथरावांनी घाईघाईनं मेडशिंगीची पाटी वाचायला घेतली.

"लेंड्या काय आकाशातनं पडल्या का बे?" परमेश्वर म्हणाला. "काका, तुमी सांगा. चौकशी तुमच्याकडं हाय."

सगळे बद्रीनाथरावांकडं बघायला लागले. बोलायचं ते आत्ताच, हे त्यांना कळत होतं. घशापर्यंत आलंसुद्धा. पण डोळ्यांपुढं घट आला, घटामागं वनमालाबाई आल्या, आणि तोंडातून शब्द आले ते असे: "पुरावा तसा... लेंडीचाच दिसतोय."

झालं. नाथाला हौद बंद. पुढचं पाणी दूर, तलावावर. पाऊस तर संपलेला. एवढी मेंढरं रोज तिथवर हाकायची म्हणजे लहान कोकरांचे हाल. नाथानं पटका नीट केला, मेंढरं वळवली आणि निघून गेला. तो ओरडला असता तर बद्रीनाथरावांना बरं वाटलं असतं. त्याच्या त्या गप्प पाठीकडं बघून त्यांना स्वतःच्या टोपीची, खुरप्याची, अंगावरच्या इस्त्रीची, सगळ्याची लाज वाटली. त्या दिवशी त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला नाही.

इकडं घरात घट मात्र दणदणून वाढत होता. शेजारपाजारच्या घटांत गव्हाची पिवळी केसं डोकावत होती, तर वनमालाबाईंच्या घटात हिरवंगार रान. "आपल्या वावराची माती हाय बाई," त्या येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगायच्या. "हे सोता उन्हातान्हात जाऊन आले." बायका बद्रीनाथरावांकडं आदरानं बघायच्या. बद्रीनाथराव भिंतीकडं बघायचे.

आणि पाचव्या माळेला सकाळी वनमालाबाईंची हाक आली. हाक नव्हे, किंकाळीच.

"आहो! लवकर या! आई आली!"

गव्हाच्या दाटीतून माती फोडून एक जाडजूड कोंब वर आला होता. त्याला दोन मांसल पानं, तळहात जोडून वर करावेत तशी. आणि त्या हातांच्या टोकाला एक काळं टरफल अडकलेलं, मण्यासारखं. दुपारपर्यंत तसेच आणखी चार आले.

शेजारच्या संगीताबाईंनी ते बघितलं आणि कानाला हात लावले. "अगं बया! जोडलेले हात, वर मंगळसूत्राचा मणी! वनमालाताई, देवी पावली तुमाला!"

संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडच्या गल्लीतल्या बायका आल्या, मग बाजारपेठेतल्या आल्या. कुणी ओटी आणली, कुणी नवस बोललं. एक बाई घटासमोर घुमायला लागली. तिनं डोळे फिरवून विचारलं, "माती कोणी आणली?" सगळ्यांनी बद्रीनाथरावांना पुढं ढकललं. बाईनं त्यांच्या कपाळाला भलामोठा मळवट भरला आणि म्हणाली, "पुण्यवान हायेस!"

बद्रीनाथराव मळवटासकट स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. आपल्यापेक्षा निर्लज्ज माणूस या तालुक्यात नसेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण आता तर सांगणं आणखीच कठीण होऊन बसलं. पहिल्या दिवशी नुसता बायकोला धक्का बसला असता. आता अर्ध्या शिरूरच्या देवीला उठवून सांगायचं होतं, की बाई, तू गोरखचिंच आहेस.

मग त्यांनी एक बेत केला. कोंब गुपचूप काढायचे, पिशव्यांत लावायचे, पहाटे टेकडीवर नेऊन ठेवायचे. सापडले म्हणायचं. नाथाही सुटेल, बी पण वाचेल. आठव्या माळेच्या दुपारी वनमालाबाई न्हाणीत गेल्या तशी त्यांनी चमचा घेतला, घटासमोर गुडघ्यांवर बसले आणि चमचा मातीला लावणार, तेवढ्यात दारातून संगीताबाई आल्या.

"भाऊजी?"

बद्रीनाथरावांनी चमच्यासकट हात जोडले आणि धाडकन डोकं जमिनीला टेकलं. उठायची हिंमत होईना, म्हणून तसेच पडून राहिले.

"काय भक्ती!" संगीताबाई बाहेर जाऊन सांगायला लागल्या. "चमच्यानं दूध पाजत होते वाटतं आईला!"

रात्रीच्या आरतीला लोकांनी दूध आणि चमचे घेऊनच रांग लावली. एवढं दूध पिऊन रोपं कुजायची, म्हणून बद्रीनाथरावांना रांगेपुढं उभं राहून "देवीला आता दूध चालत न्हाई" असं सांगावं लागलं. लोकांनी तेही मानलं.

दसऱ्याचा दिवस आला. दसऱ्याला घट उठतो, आणि घटात उगवलेले तुरे उपटून घरच्या गड्यांच्या, आल्यागेल्याच्या टोपीत खोवतात. ही रीत बद्रीनाथराव लहानपणापासून बघत आले होते. स्वतःच्या टोपीत दरवर्षी मिरवतही होते. पण तिचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला तो दसऱ्याच्या दुपारी, वनमालाबाई घटासमोर बसून म्हणाल्या तेव्हा.

"गहू-ज्वारी सगळ्यांला. आन् देवीचे हात पाच मानाच्या माणसांला. मुळासकट काढीन, म्हंजे पुण्य समदं लागंल."

त्या झाडाचं जगात जे काही उरलं होतं, ते संध्याकाळपर्यंत पाच टोप्यांत वाळून जाणार होतं.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." परमेश्वर आला. मुक्ताबाई आल्या. त्यांना देवीबिवीचं फारसं नव्हतं, पण सणाला त्या सगळ्यांकडं जायच्या. चेहरा उतरलेलाच होता. त्या दाराजवळ खुर्चीवर टेकल्या. आणि त्यांच्या मागून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, मोठा पटका आत आला.

नाथा दरवर्षी सगळ्यांना सोनं द्यायला यायचा. यंदाही आला. ज्या माणसांनी त्याचं पाणी तोडलं, त्या प्रत्येकाच्या हातात त्यानं पान ठेवलं. बद्रीनाथरावांसमोर येऊन म्हणाला, "घ्या बदरीभाऊ. सोन्यासारखं राहा. आमी उद्या हालतोय हितनं. कोकरांला चालवत न्हाई तलावापस्तोर."

बद्रीनाथरावांनी ते पान खिशात घातलं, परत बाहेर काढलं.

"नाथाभाऊ, तुमी चालला व्हय?" वनमालाबाईंना भरून आलं. "मग पहिला मान तुमचा. या, वाका. देवीचा हात तुमच्या पटक्यात खोवते."

त्यांनी गव्हाच्या दाटीत बोटं घातली. सगळ्यात उंच कोंबाला बुडाशी धरलं. ओढणार—

"थांब!!"

बद्रीनाथराव ओरडले. इतक्या जोरात, की दिवा विझता विझता राहिला. सगळं घर त्यांच्याकडं बघायला लागलं.

"ती देवी न्हाई," ते म्हणाले. "म्हणजे आहे, पण... ती गोरखचिंच आहे. टबातली. माती मी आणली. वावरात गेलोच न्हाई मी. ऊन होतं. टब मीच पालथा केला, लेंड्या पण माझ्याच... म्हणजे मीच सांडल्या. नाथानं काही केलेलं न्हाई. मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. लाज वाटली म्हणून गप्प बसलो, आणि गप्प बसलो म्हणून आणखी लाज वाटली."

एवढं बोलून ते भिंतीला टेकून मटकन खाली बसले.

पहिल्यांदा वनमालाबाई बोलल्या, आणि त्यांचा आवाज हळू होता, हे फार वाईट लक्षण होतं. "म्हंजे ही माती आपल्या वावरातली न्हाई?"

"न्हाई."

"आन् जाऊबाई भेटल्याच न्हाई तुमाला?"

"न्हाई."

"आन् मी नऊ दिस, उपाशी पोटी, साऱ्या गल्लीला सांगत सुटले की त्या माउलीनं मूठभर तीळ दिले न्हाईत!" त्यांनी पदर तोंडाला लावला. "आई, तू तरी काऊन उगवलीस गं ह्यांच्या हातनं!"

मुक्ताबाई मात्र उठून घटापाशी आल्या होत्या. चष्मा पुसून, गुडघे टेकून त्यांनी एकेक कोंब बघितला. बोट लावलं नाही, नुसतं बघितलं. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "पाच," त्या म्हणाल्या. "पाच आले हो. वनमालाबाई, तुमचा घट आम्हाला द्याल? पत्रावळीसकट, असाच्या असा?"

"न्या," वनमालाबाई म्हणाल्या. "पण वाजत न्यायचा. माझी देवी हाय ती, झाड आसली म्हणून काय झालं."

परमेश्वर टेम्पो आणायला उठला. बद्रीनाथराव उठले आणि नाथासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना मान वर करवत नव्हती. त्यांनी टोपी काढली. "नाथा, तुझ्या मेंढरांचं पाणी माझ्यामुळं तुटलं. तू मला काय बोलायचं ते बोल. सगळ्यांसमोर बोल."

"आता काय बोलू?" नाथाचा आवाज पुन्हा मूळपदावर आला होता. "जे बोलायचं ते म्या पहिल्याच दिशी बोललो की! म्या हौदावर बसून समदं बगत व्हतो."

बद्रीनाथरावांनी मान वर केली. "तू बघितलंस? मला?"

"ह्या दोन डोळ्यांनी! आन् तसंच जाऊन मुक्ताबाईंला सांगितलं. ह्या परमेश्वरला सांगितलं. मेंढरांची आण घेऊन सांगितलं."

बद्रीनाथरावांनी मुक्ताबाईंकडं बघितलं. मुक्ताबाईंनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"मग... तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला न्हाई, म्हणजे," बद्रीनाथराव अडखळत म्हणाले, "माझं नाव ऐकून तुम्हाला वाटलं असेल, असला माणूस चोरी कशी करील..."

"चोरीचं न्हाई हो काका," परमेश्वर दारात थांबून म्हणाला. त्याला एकदम संकोच वाटायला लागला. "नाथा म्हणला, बदरीभाऊनं एकट्यानं भरला टब उचलला, माती पिशवीत भरली, पिशवी खांद्यावर घेतली आन् उन्हाची टेकडी उतरून गेले. आमी म्हणलं, नाथा, थाप मारायची तर जरा पटंल अशी तरी मार."